पेप्टाइड, ससा आणि न जाणारा रंग

"तुम्ही नक्की बनवायचात काय?" हा प्रश्न नोकरीत असताना मला जितक्यांनी विचारला, त्याहून जास्त लोक आता निवृत्तीनंतर विचारतात. हळदीकुंकवात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, इंदुरात पलासियाला दातांच्या डॉक्टरकडे आ करून बसले असतानाही विचारून झालंय. मी खरं ते सांगते, "कृत्रिम पेप्टाइड." समोरची बाई जरा थांबते आणि म्हणते, "म्हणजे सोयाबीनचं प्रोटीन ना?" तिची यात काही चूक नाही. सांवेर रोडवरचा कारखाना आणि प्रोटीनसारखा काहीतरी शब्द एका वाक्यात आला, की इंदुरी माणसाच्या डोळ्यांपुढे सोयाबीनच उभं राहतं. माझ्या सख्ख्या नणंदेने तर वर्षानुवर्षं सगळ्या गोतावळ्यात सांगून ठेवलं होतं, की आमची वहिनी औषधाच्या फॅक्टरीत पुड्या बांधते.

एकदा एका आखाड्याचे पहिलवान आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. पेप्टाइडने दंड भरतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वॉचमनचं ते ऐकेनात, तेव्हा मी बाहेर गेले आणि तयार मालाची एक कुपी त्यांना दाखवली. बोटभर उंचीची काचेची कुपी आणि तळाला चिमटीतही येणार नाही एवढी पांढरी भुकटी. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली, परत माझ्या हातात दिली. "बस, इतना सा? दीदी, इससे तो चींटी की भी बाँह नहीं बनेगी!" मी म्हटलं, हे खायचं नसतं. "तो फिर बनाते क्यों हो?" त्या प्रश्नाचं उत्तर फाटकात उभं राहून देता येण्यासारखं नव्हतं. जाताना त्यांनी आमच्या काटकुळ्या वॉचमनला रोज दूध पिण्याचा सल्ला मात्र दिला.

ते उत्तर आज इथे देते. अँटिबॉडी हा शब्द आता लशी घेऊन घेऊन सगळ्यांना पाठ झालाय. बाहेरून आलेली परकी वस्तू ओळखून धरणारा, शरीराने तयार केलेला पदार्थ. संशोधक तिचा वेगळाच उपयोग करतात. समजा एखादं प्रोटीन शरीरात कुठे कुठे असतं, ते शोधायचंय. तर त्या प्रोटीनचा एक छोटा तुकडा सशाला टोचतात. सशाच्या रक्तात त्या तुकड्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होते. ती काढून, मूत्रपिंडाची किंवा मेंदूची पातळ चकती काचेवर बसवून तिच्यावर घालतात. अँटिबॉडी जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उठेल अशी सोय करतात. रंग दिसला, की संशोधक खूश. म्हणतो, सापडलं!

गोम इथेच आहे. अँटिबॉडी काही देवाची शपथ घेऊन येत नाही. ती भलत्याच जागीही चिकटते. शिवाय सशाच्या रक्तात आपण टोचलेल्या तुकड्याखेरीज त्याच्या स्वतःच्या जन्मभराच्या भांडणांच्या अँटिबॉडीही असतात, त्याही येऊन बसतात. आणि खऱ्या जागीही रंग तपकिरी, खोट्या जागीही तपकिरीच. नुसतं बघून काही म्हणजे काही कळत नाही.

आमचा माल इथे कामाला येई. सशाला टोचलेला जो तुकडा, तोच आम्ही प्रयोगशाळेत बनवायचो. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा असा छोटा तुकडा. तो अँटिबॉडीत आधीच भरपूर मिसळून ठेवायचा. ज्या हातांनी ती प्रोटीनला धरणार, ते हात आधीच भरून जातात. मग ती चकतीवर घालायची. आता रंग उठायला नको. रंग गेला, तर निदान अँटिबॉडी तिथे योग्य हातांनी धरत होती एवढं कळलं. त्यानेही सगळं सिद्ध होत नाही, कारण तसाच तुकडा दुसऱ्या एखाद्या प्रोटीनमध्येही असू शकतो. पण रंग गेलाच नाही, तर मात्र समजायचं की तिथे भलतंच काहीतरी चिकटलंय. थोडक्यात, लोकांनी आनंदाने मिळवलेला रंग घालवून बघणं हा आमचा धंदा. कोण आम्हाला हळदीकुंकवाला बोलावून कौतुक करणार?

त्याआधी माझी नोकरी नेमकी उलटी होती. एम. एस्सी. झाल्यावर मी कापडमिलच्या रंगखात्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथे कापड धुवून, घासून, उन्हात टाकून रंग जात नाही ना, हे बघायचं. गेला की आमच्या नावाने शंख. मग शहरातल्या मिला एकामागून एक बंद पडू लागल्या, आमचीही पडली. मला रडू आलं नाही, राग आला. चांगली चाललेली प्रयोगशाळा, काचेची भांडी तशीच कपाटात आणि बाहेर कुलूप. तो राग बरीच वर्षं उतरला नाही, आणि खरं सांगायचं तर पुढच्या नोकरीत माझ्या फार उपयोगी पडला.

महेंद्रजी आमच्या मिलला रंग पुरवायचे. मिलांबरोबर त्यांचं दुकानही बसलं. पण माणूस हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. परदेशी मालाची दारं तेव्हा नुकतीच उघडली होती. पेप्टाइड लागला की आपल्याकडचे संशोधक परदेशातून मागवतात आणि महिनोन् महिने वाट बघत बसतात, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं. लागणारी रसायनं आता सहज आणता येत होती. ते मला शोधत घरी आले. "नीलाजी, कपड़ा तो गया. अब जो आएगा वो बनाते हैं." मी विचारलं, तुम्हाला पेप्टाइड म्हणजे काय ते माहीत आहे का? म्हणाले, "नहीं. इसीलिए तो आपके पास आया हूँ." मला त्यांचा हा सरळपणा आवडला.

सांवेर रोडवर आमच्या एका बाजूला पंपांसाठी बिडाचं ओतकाम करणारा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला नमकीनचा. आमच्या रसायनांना माशासारखा वास, शेजारून ताज्या शेवेचा. पाहुणे दारात येऊन गोंधळून उभे राहायचे.

आता बनवायची रीत सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. कोणत्या मण्यामागे कोणता मणी हे ठरलेलं. आम्ही वाळूसारख्या बारीक राळेच्या दाण्यांवर पहिला मणी पक्का करायचो, मग त्याला दुसरा, त्याला तिसरा. प्रत्येक मणी बसला की दोनचार दाणे काढून निळ्या रंगाची चाचणी करायची. दाणे निळे झाले म्हणजे काही जागा रिकाम्या राहिल्या, परत करा. आता हे सगळं यंत्र करतं. आम्ही हाताने करायचो. एक गंमत मात्र कायम. माळ लिहिताना डोक्याकडून शेपटाकडे लिहितात, पण बनवताना शेपटापासून डोक्याकडे बनवतात. लिहायची सुलट, ओवायची उलट. आम्हाला त्याची इतकी सवय होती, की मी भाजीची यादीसुद्धा खालून वर वाचायची, असं आमचे हे म्हणत.

अर्चना पहिल्यांदा आली ती भर दुपारी, टेम्पोतून उतरून, हातात थर्मास घेऊन. वॉचमनला वाटलं, कुणाचा तरी चहा आलाय. थर्मासात बर्फ होता आणि बर्फात आमचीच कुपी. वीस-बावीसची दिसणारी, पण पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात आलेली मुलगी. ती न बसताच म्हणाली, "मॅडम, तुमचा पेप्टाइड कामच नाही करत आहे. रंग जातच नाहीये."

मी तिला आधी पाणी दिलं, मग खुर्ची. हळूहळू सगळं बाहेर आलं. मूत्रपिंडातलं एक प्रोटीन तिचे गाईड बरीच वर्षं अभ्यासत होते. परदेशातून परतताना त्यांनी त्याचा तुकडा आणला होता. तो सशाला टोचून अँटिबॉडी केली आणि तुकडा संपला. त्या अँटिबॉडीने उंदराच्या मूत्रपिंडात रंग उठला, यात नवीन काही नव्हतं. पण अर्चनाला तोच रंग मेंदूतही दिसला, जिथे ते प्रोटीन आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सर हरखले. प्रबंधाचं अर्धं वजन त्या मेंदूवर आलं. शेवटी पेप्टाइड घालून खात्री करून घ्यावी म्हणून आमच्याकडे मागणी आली, आम्ही बनवून दिला, आणि आता पेप्टाइड घालूनही मूत्रपिंडाचा रंग जाईना, मेंदूचाही जाईना.

"सर म्हणतात माल खराब आहे. दुसरा आणून टाक," ती म्हणाली. "आणि माल खराब नसेल तर मॅडम, माझं सगळंच गेलं. माझी फेलोशिप संपत आलीये. बाबा मिलमधून सुटल्यापासून घरात सगळं माझ्यावरच आहे. त्यांनी पूर्ण मोहल्ल्याला सांगून ठेवलंय, की मुलगी डॉक्टर होऊन राहिलीये. मी काय करू?"

महेंद्रजी दारात उभे राहून ऐकत होते. ते लगेच म्हणाले, "अरे बेटा, टेंशन नहीं लेने का. नया बना देंगे, फ्री में."

माझं डोकं फिरलं. "नाही बनवून देणार," मी म्हटलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "आधीचा का चालला नाही, हे कळल्याशिवाय मी दुसरा बनवणार नाही. तोही नाही चालला तर मग तिसरा बनवायचा का?"

महेंद्रजींना माझा हा स्वभाव ठाऊक होता. ते कपाळाला हात लावून आत गेले.

आमच्या तपासण्यांत माल अगदी चोख होता. शुद्धता बघितलेली, बाहेरच्या एका संस्थेकडून रेणूचं वजन करून आणलेलं, तेही हिशोबाबरहुकूम. मी अर्चनाला सगळे आलेख दाखवले. ती हुशार, तिने सगळं समजून घेतलं आणि तिचा चेहरा उतरत गेला. कारण आमचा पेप्टाइड बरोबर म्हणजे तिची अँटिबॉडी खोटी.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. मेंदूचं एक वेळ सोडा, पण मूत्रपिंडाचा रंग का जाऊ नये? तिथे ते प्रोटीन आहे हे जगाला माहीत आहे. वजन बरोबर, मणी बरोबर, मग राहिलं काय? राहिला तो क्रम. तेच मणी कसेही ओवले तरी माळेचं वजन तेवढंच भरणार.

क्रम तपासायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पण विद्यार्थिदशेत शिकलेली एक जुनी हातची रीत होती. पेप्टाइडच्या डोक्याला चमकणारं एक रसायन चिकटवायचं, मग आम्लात घालून तापवून सगळे मणी सुटे करायचे आणि अतिनील दिव्याखाली कोणता मणी चमकतो ते बघायचं. चमकेल तो डोक्याचा. अर्चनाने दिलेल्या माळेत डोक्याला अ‍ॅलानिन होतं, शेपटाला ल्युसिन. मी सगळं करून, सुटे मणी ज्या पातळ पट्टीवर वेगवेगळे पसरवले होते, ती दिव्याखाली धरली. दोन दिवसांनी अर्चना आली, तेव्हा तिलाही धरायला लावली.

"हे अ‍ॅलानिनच आहे ना मॅडम? बरोबर आहे मग."

"हो. तू दिलेल्या माळेप्रमाणे अगदी बरोबर आहे. आता मला सांग, तुझ्या खऱ्या प्रोटीनमध्ये हा तुकडा कसा येतो? अ‍ॅलानिन आधी की ल्युसिन आधी?"

"ल्युसिन आधी."

"मग मला अ‍ॅलानिन आधी का लिहून दिलंस?"

ती अगदी निरागसपणे म्हणाली, "तुम्ही लोक शेपटाकडून बनवता ना मॅडम. मी वाचलं होतं. म्हटलं, तुम्हाला उलटायला नको, मीच उलटून देते."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. तिने आमची सोय म्हणून माळ उलटून दिली. आम्ही सवयीने ती सुलट समजून शेपटापासून ओवली. अडाण्याच्या हातून ही चूक कधीच झाली नसती. तिने आमच्या धंद्याची थोडी जास्तच काळजी घेतली होती. मला हसू आवरेना. तीही हसायला लागली आणि हसता हसता रडली, कारण आता सगळं परत जिवंत झालं होतं. मूत्रपिंडही आणि मेंदूही.

बरोबर पेप्टाइड मी स्वतः बनवला. या वेळी मात्र मी तिला एक अट घातली. जुना उलटा पेप्टाइड टाकायचा नाही. दोन्ही कुप्यांवर नुसतं क आणि ख लिहून देईन, कोणता कोणता ते सांगणार नाही. तू दोन्ही घालून बघ, आणि एका चकतीवर काहीच न घालता. आपल्याला काय बघायचंय हे ठाऊक असलं, की डोळे तेच बघतात, हे मी मिलमध्ये पुष्कळदा पाहिलं होतं. उलटी माळ म्हणजे तेच मणी, तेच वजन, पण क्रम चुकीचा. ती घालून रंग राहावा आणि सुलट घालून जावा, यापेक्षा चांगली तपासणी नाही. तिच्या चुकीतूनच ती फुकट तयार झाली होती.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा थर्मास नव्हता. काचा होत्या. आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिने एकेक लावली. मूत्रपिंड, काही न घालता: रंग. ख घालून: रंग. क घालून: काही नाही, कोरं. तो क सुलट होता.

"झालं की!" मी म्हटलं. "अभिनंदन!"

तिने मेंदूची काच लावली. काही न घालता रंग, ख घालून रंग, आणि क घालूनही रंग. तितकाच गडद.

आम्ही दोघी बराच वेळ आळीपाळीने त्या नळीत डोळा घालत राहिलो, जणू आणखी थोडं बघितलं असतं तर तो फिका झाला असता. मूत्रपिंडातलं खरं होतं. मेंदूत सशाच्या रक्तातलं दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. मला आयुष्यात माझ्या मालाचा इतका राग कधी आला नव्हता. पेप्टाइडने काम चोख केलं होतं आणि एका चांगल्या मुलीचा अर्धा प्रबंध पुसला होता.

तिच्या गाईडना मी दोष देणार नाही. साधनं नाहीत, पैसा नाही, अशा जागी त्यांनी प्रयोगशाळा उभी केली होती, आणि मेंदूचं काम ते एका मोठ्या परिषदेला कळवूनही बसले होते. ते एकदा स्वतः आमच्याकडे आले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "मैडम, थीसिस में किडनी वाली स्लाइड डाल देंगे. वो साफ़ है. ब्रेन में पेप्टाइड डाला था, ये लिखना ज़रूरी है क्या? कोई पूछेगा भी नहीं." नंतर त्यांनी महेंद्रजींना दुसरा मार्गही सुचवला. क कुपीतला माल नीट विरघळत नव्हता, असं आम्ही लिहून दिलं, तर मेंदूचा प्रयोग बाद धरता येईल आणि कुणाचंच काही बिघडणार नाही.

महेंद्रजी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. काय सांगायला आलेत ते तोंडावरूनच कळत होतं. सरांच्या संस्थेकडून आमच्याकडे बरंच काम येत असे. "नीलाजी, एक लाइन का तो काम है."

"लिख देती हूँ," मी म्हटलं. "फिर उसी शीशी से किडनी का रंग कैसे गया, ये भी आप ही लिख देना."

त्यांनी जन्मभर रंग विकला होता. कच्च्या रंगाला पक्का म्हणून विकणाऱ्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती आणि ती ते शिवीसारखी उच्चारत. "ठीक है, नहीं लिखेंगे," ते म्हणाले. "लेकिन फोन आप करना. मेरे से मना नहीं होता." तो फोन मी केला. सर रागावले नाहीत, नुसतं "ठीक है" म्हणाले. ते मला जास्त लागलं.

पण आमच्या एका ओळीने काय होणार होतं? प्रबंध अर्चनाचा. लिहायचं की नाही लिहायचं, हे तिलाच ठरवायचं होतं. ती आली, आणि आम्ही बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसलो. शेजारी शेव तळत होते. मी मनाशी ठरवलं होतं, की तिला उपदेश करायचा नाही. माझं पोट त्या प्रबंधावर नव्हतं, तिच्या घराचं होतं.

"सर म्हणतात, मेंदू राहू दे, आत्ता सबमिट कर, नंतर बघू," ती म्हणाली. "बाबा रोज विचारतात, कधी होणार, कधी होणार. मी पण विचार केला, की चला, नाही दाखवायची ती स्लाइड. कोणाला कळतंय."

"मग?"

"पण मी ती बघितलीये ना मॅडम. आता नाही बघितली असं कसं करू?" थोडा वेळ ती पायाने माती उकरत राहिली. मग एकदम वर बघून म्हणाली, "मला असं अर्धं नाही सोडायचंय. मेंदूत ते नाहीये, तर नाहीये असं पक्कं दाखवायचंय. त्याला काय करावं लागेल?"

मला त्या मुलीला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण लगेच कामाचं बोलायचं होतं. करायचं ते असं. सुलट पेप्टाइड बारीक दाण्यांवर कायमचा पक्का बसवायचा, दाणे एका नळीत भरायचे आणि सशाचं सगळं रक्तद्रव्य त्यातून सावकाश जाऊ द्यायचं. पेप्टाइडला धरणाऱ्या अँटिबॉडीच तेवढ्या नळीत अडकतील, बाकी गर्दी वाहून जाईल. मग अडकलेल्या सोडवून घ्यायच्या. त्या निवडलेल्या अँटिबॉडीने मूत्रपिंड रंगलं आणि मेंदू कोरा राहिला, तर बोलायलाच नको.

हे लिहायला सोपं आहे. दाणे आम्ही करून दिले, पण अँटिबॉडी सोडवताना पहिल्यांदा निकामी झाल्या, दुसऱ्यांदा निघाल्या त्या इतक्या थोड्या की रंगच उठेना. त्यात फेलोशिप संपली. ती सकाळी पलासियाच्या एका कोचिंग क्लासमध्ये बारावीचं रसायनशास्त्र शिकवायची आणि दुपारी प्रयोगशाळेत जायची. सरांनी तिला हाकललं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. सुरुवातीला ते तिच्याशी कामापुरतंच बोलत. पुढे एकदा तिने सांगितलं, की सर स्वतः शेजारी बसून नळीतून थेंब मोजत होते. परिषदेतलं कामही त्यांनी मागे घेतलं. ते त्यांना किती जड गेलं असेल, याची मला कल्पना आहे.

या सगळ्यात दोन वर्षं गेली. शेवटी मूत्रपिंड रंगलं आणि मेंदू कोरा राहिला.

तिच्या तोंडी परीक्षेला बाहेरच्या लोकांनाही बसता येत होतं, म्हणून मी गेले. महेंद्रजींनी सुट्टी तर दिलीच, वर शेजारच्या कारखान्यातली शेवही बांधून दिली. खोलीत मागच्या रांगेत इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ अंग चोरून बसले होते. अर्चनाने आधीच सांगितलं होतं, बाबा येतील, त्यांच्याजवळ बसा, त्यांना इंग्रजी कळत नाही. ते साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होते. आमच्याच मिलमध्ये, असं बोलण्यातून निघालं. मी रंगखात्यात, ते विणाईत, कधी गाठ पडली नव्हती.

पडद्यावर एकेक चित्र येऊ लागलं. रंग आला की ते सावरून बसत, कोरं आलं की माझ्याकडे काळजीने बघत. "बाई, यात तर काहीच नाही दिसत. बिघडलं का?" मी त्यांच्या कानात सांगत होते, की नाही, तेच दाखवायचं आहे.

मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, म्हणजे इतकी वर्षं काम करून मेंदूबद्दल तुमचं म्हणणं काय? अर्चना ताठ उभी होती. तिने इंग्रजीत एकच वाक्य उत्तर दिलं आणि थांबली.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"म्हणाली, तिथे ते नाहीये."

"बस? एवढंच?"

"एवढंच. आधी आहे असं वाटलं होतं. नाही हे पक्कं करायला तिला ही दोन वर्षं लागली."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. दोन वर्षं घरात काय काय ओढाताण झाली असेल, आणि शेवटी मुलगी सांगते काय, तर नाही. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, एवढ्यात तेच म्हणाले, "मी गेटवर जात होतो ना बाई. मिल बंद झाल्यानंतर. डबा घेऊन. युनियनवाले म्हणायचे, चालू होणार. साहेब लोक म्हणायचे, चालू होणार. किती साल गेलो मी. आम्हाला एका माणसाने पण येऊन नाही सांगितलं, की नाही होणार, घरी जा."

न सांगणाऱ्या त्या लोकांत कुलूप लागल्यावर रागाने घरी जाऊन बसलेली मीही होते.

पुढे परीक्षकांनी आणखी काही विचारलं, अर्चना उत्तर देत होती. तेवढ्यात बाबा उभे राहिले. प्रश्न संपले नव्हते, कुणी टाळ्या वाजवण्याची वेळ नव्हती. त्यांनी त्या गप्प खोलीत मोठमोठ्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळे वळून बघायला लागले. अर्चनाचं वाक्य अर्ध्यात राहिलं. ती लाजली नाही, तिने त्यांना थांबवलंही नाही. मी मांडीवरची शेवेची पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.